तानुबाईचं शुद्धिपत्र

तानुबाईनं शेजारणीकडून कधी विरजणसुद्धा आणलं नाही. घरचं दही नासलं तर ती दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकून वाट पाहायची, पण वाटी घेऊन कोणाच्या दारात उभी राहायची नाही. धामणगाव बढ्याजवळच्या त्यांच्या खेड्यात हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना ते आवडत होतं असं मात्र नाही.

मी मोताळ्याचा, तिथल्याच कॉलेजात शिकवायचो. वर्षानुवर्षं बाजाराच्या दिवशी तिच्याकडून भाजी घेतली. विहिरीच्या पाण्यावरचं लहानसं रान, त्यात मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरची. नवऱ्याचं नाव कारभारी, पण कारभार हिचाच. तो बैलगाडी जुंपून द्यायचा, नंतरच्या काळात ऑटोत पोती चढवून द्यायचा, आणि ती एकटी बाजारात येऊन बसायची. भाव करणाऱ्याशी ती हुज्जत घालत नसे. त्याच्या हातातली जुडी काढून घेऊन परत ढिगावर ठेवायची आणि म्हणायची, “परवडत नाई तं पुढं जा.” मला तिचा राग यायचा, आणि पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तिच्याचकडं जायचो, कारण मेथी तिचीच चांगली असायची.

तिची जीभ फार वाईट होती. शेजारची अन्नपूर्णाबाई एकदा सणाच्या आठवड्यात दुसऱ्यांदा साखर मागायला आली. तानुबाईनं डबा उघडून वाटी काठोकाठ भरली, आणि अन्नपूर्णाबाईच्या दोन्ही सुना ऐकत असताना विचारलं, “साखरच संपली, का लाजबी?” अन्नपूर्णाबाईनं ती वाटी तिथंच ओट्यावर ठेवली आणि निघून गेली. त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

तानुबाईला एकच व्यसन होतं, तंबाखूचं. तंबाखू ती स्वतःची आणायची. चुना मात्र बाजारात शेजारी कांदे घेऊन बसणाऱ्या रुक्मिणीबाईच्या डबीतला घ्यायची. रुक्मिणीबाई नांदुऱ्याकडची. दोघी वीस वर्षं एकाच लिंबाच्या सावलीत बसत आल्या होत्या, आणि चुना घेणं म्हणजे मागणं, असं तंबाखू खाणाऱ्या माणसांत कोणी समजत नाही.

राज्य सरकारचं एक इतिहास कार्यालय आहे. जिल्ह्याजिल्ह्याची माहिती गोळा करायची, म्हणजे पिकं, बाजार, सण, दुष्काळ, जुनी देवळं, लोकांचं राहणं, आणि तिचे जाडजूड ग्रंथ काढायचे, हे त्याचं काम. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्या कार्यालयाची एक जीप आपल्या भागात फिरली. वंदना नावाची कंत्राटी सहायक मुलगी आणि एक छायाचित्रकार, अशी दोघंच होती. त्यांनी मोताळ्याचा बाजार पाहिला, कापसाच्या गाड्या पाहिल्या, म्हाताऱ्यांना बोलतं केलं. त्या दिवशी तानुबाईची भाजी लवकर संपली होती. रिकाम्या पोत्यावर ती बसली होती, अंगावर रानातलं फाटकं लुगडं, डोक्यावर पदर ओढलेला. रुक्मिणीबाईकडं चुन्यासाठी तिनं तळहात पुढं केला, आणि तेवढ्यात छायाचित्रकारानं फोटो घेतला. चौकटीत रुक्मिणीबाई आली नाही. तानुबाईनं पाहिलं, तोवर ती दोघं पुढं गेली होती. तिला त्याचं काही वाटलं नाही. घरी गेल्यावर तिनं सांगितलंही नाही.

ग्रंथ छापून यायला बरीच वर्षं गेली. आला तेव्हा बुलढाण्यात त्याचा समारंभ झाला आणि मग प्रती गावोगावच्या ग्रामपंचायतींना, शाळांना वाटल्या गेल्या. गावचे सरपंच गुलाबराव. अन्नपूर्णाबाई त्यांची चुलत बहीण. गुलाबराव पंचायतीच्या ओसरीवर बसून पानं उलटत होते, गावाचं नाव कुठं सापडतं का ते पाहत होते. गावाचं नाव सापडलं नाही. तानुबाई सापडली.

त्यांनी लगेच निरोप धाडला, की तुमच्या घरचं माणूस सरकारी ग्रंथात आलं आहे, पाहायला या. कारभारी आला तो धुतलेली टोपी घालून. तानुबाई आली, आणि बरोबर त्यांची मुलगी पूनम. पूनम तेव्हा मोताळ्याच्या कॉलेजात जात होती. ओसरीवर माणसं जमलेली होतीच. फोटो मोठा होता, अर्ध्या पानाचा, आणि खरोखर सुंदर होता. हातावरची रेघन्‌रेघ दिसत होती. कारभारी हसला. तानुबाईसुद्धा जरा वाकून पाहत राहिली.

गुलाबराव पूनमला म्हणाले, “पोरी, तू शिकेल हायस. खाली काय लिवलं हाये, वाच बरं मोठ्यानं.”

पूनमनं वाचायला सुरुवात केली आणि ती थांबली.

“वाच ना. थांबली काऊन?”

“काही नाई लिवलं काका. बाजाराचं नाव हाये.”

“मले वाचता येते, बाई,” गुलाबराव म्हणाले. “तुह्या तोंडून आयकाचं हाये.”

तिनं पुस्तक मिटायला घेतलं, तर त्यांनी पानावर बोट दाबून धरलं. मग पूनमनं खाली मान घालून वाचलं: “भीक मागून गुजराण करणारी स्त्री, आठवडी बाजार, मोताळा.”

कारभारीनं टोपी काढून हातात घेतली. मग मागून कोणाचं तरी हसू फुटलं, आणि मग सगळेच हसले. तानुबाईला शब्द कळायला थोडा वेळ लागला. तिनं पूनमला विचारलं, “म्हंजे मी भिकारीण, असं लिवलं का?” पूनमनं पुस्तक मिटलं. तानुबाईनं पदर खोचला आणि ती सगळ्यांच्या मधून चालत घरी गेली. त्या दिवशी तिनं दोन वाफ्यांना पाणी दिलं, स्वयंपाक केला. रात्री जेवली नाही.

ज्या बाईनं कोणाकडं काही मागितलं नव्हतं, तिलाच हे चिकटलं. तिचा तोरा ज्यांना इतकी वर्षं टोचत होता, त्यांना हा प्रसाद मिळाल्यासारखं झालं. त्या पानाचा फोटो घरोघरच्या मोबाइलवर गेला. शाळेतून येणारी पोरं तिच्या दारावरून जाताना तळहात पुढं करायची. अमावस्येच्या दिवशी, दारोदार मागणाऱ्याला वाढतात तशी, कोणीतरी ओट्यावर शिळी भाकर आणि मिरचीचा ठेचा कागदात बांधून ठेवला. पुढच्या अमावस्येलाही ठेवला. अन्नपूर्णाबाईनं आपल्या धाकट्या सुनेच्या हाती वाटीभर साखर पाठवली आणि निरोप दिला, की लागली तर आणखी सांगा, आम्ही काही बोलणार नाही. तानुबाईनं ती साखर त्या सुनेच्या देखत मोरीत ओतली. तेही गावभर झालं: भिकारणीची मिजास पाहा.

घरात तरी तिला आसरा हवा होता. कारभारी मुळात भांडणारा माणूस नव्हता, त्यानं भांडण केलंही नाही. फक्त एका संध्याकाळी बैलाला पेंड घालता घालता म्हणाला, “तू तरी हात कायले पुढं केला?” पुढं कितीतरी महिने तो हे एकच वाक्य अधूनमधून बोलायचा, जेवताना, रानात जाताना, आवाज न चढवता. तानुबाई मला म्हणाली होती, की त्यानं दोन थापडा मारल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

त्या उन्हाळ्यात पूनमला पाहायला नांदुऱ्याकडून पाहुणे आले. मुलगा बँकेत होता. पोहे झाले, चहा झाला, प्रश्न झाले. मुलाची आत्या शेवटपर्यंत गोड बोलत होती. उठताना तिनं रीतीप्रमाणं पूनमच्या हातावर नोट ठेवली. मग ती तानुबाईकडं वळली, पर्स अजून उघडीच होती, आणि तिनं विचारलं, “तुमालेबी देऊ का काही?”

बरोबरच्या पुरुषांनी हसू दाबत चपला शोधल्या. गाडी फाट्याला लागली नसेल, तोवर तानुबाईनं पूनमला सांगितलं, की उद्या बुलढाण्याला जायचं. ज्यानं हे छापलं त्याला भेटायचं.

बुलढाण्याच्या कचेरीत कळलं, की ग्रंथ इथं होत नाही, मुंबईला होतो. पूनमनं अर्ज लिहिला, त्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्या अर्जालाही आलं नाही. शेवटी दोघी मायलेकी नांदुऱ्याहून रेल्वेनं मुंबईला गेल्या. इतिहास कार्यालय एका जुन्या सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. पूनम अजून सांगते, की त्या सगळ्या काळात आईशी सभ्यपणानं बोललेला तो पहिला माणूस. त्यानं ग्रंथ काढला, पान उघडलं, एकदा फोटोकडं आणि एकदा तानुबाईकडं पाहिलं.

“फोटो तुमचाच आहे, यात शंका नाही,” तो म्हणाला. “पण तुम्ही भीक मागत नव्हता, हे आम्ही कशावरून धरायचं?”

तानुबाईनं चुन्याची हकीकत सांगितली. त्यानं ती शांतपणे ऐकून घेतली. ग्रंथ सरकारी आहे, म्हणाला, त्यातला शब्द कोणाच्या तोंडी सांगण्यावरून बदलता येत नाही. त्या वेळी शेजारी असलेल्या बाईचं सहीनिशी निवेदन आणा. नाहीतर ग्रामपंचायतीचा दाखला आणा. त्यात जे असेल त्याप्रमाणं शुद्धिपत्र काढू.

परत आल्यावर तानुबाई पूनमला घेऊन आधी रुक्मिणीबाईच्या घरी गेली. रुक्मिणीबाईनं आता बाजार सोडला होता. गळ्यात माळ आली होती, मुलानं घर बांधलं होतं, सुना हाताशी होत्या, आणि त्या घरात म्हातारीला सगळे देवासारखं मानत होते. तानुबाईनं सगळं सांगितलं. सुना दारात उभं राहून ऐकत होत्या. रुक्मिणीबाईनं त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “मी कायचा चुना देऊ व? मी तं जल्मात तंबाखूले हात नाई लावला.”

“रुक्मिणे, वीस वर्सं तुह्या डबीतला चुना खाल्ला म्या.”

“दुसरी कोणी असंल, माय. तुले सय नाई राह्यली.”

सुनेनं पाणी आणून ठेवलं. तानुबाईनं ते घेतलं नाही. बसस्टँडवर येईपर्यंत ती पूनमला एवढंच म्हणाली, की रुक्मिणीचे दात पाहिले का, अजून काळेच आहेत.

म्हणजे आता राहिला दाखला, आणि दाखल्यावर सही गुलाबरावांची. तानुबाई पंचायतीत गेली तेव्हा गुलाबराव म्हणाले, की रहिवासी दाखला मिळतो, हयातीचा मिळतो, भिकारी नसल्याचा दाखला आजवर कोणी मागितला नाही. हा विषय ग्रामसभेपुढं ठेवावा लागेल. ग्रामसभा दीड महिन्यानं होती. त्या दिवशी एरवी न येणारी माणसंही आली. रस्त्याचा विषय झाला, नळाचा झाला, आणि सगळ्यात शेवटी गुलाबरावांनी तिला पुढं बोलावलं.

“काय पाह्यजे, सांग सभेले.”

“दाखला.”

“असं नाई. दाखला पाह्यजे म्हणून विनंती कराव लागते. नियम हाये.”

खाली बसलेल्या बायकांत अन्नपूर्णाबाई होती. पूनमनं उठून काही बोलायला तोंड उघडलं, तर कारभारीनंच तिचा हात ओढून तिला खाली बसवलं. तानुबाईनं एकदा लेकीकडं पाहिलं. मग दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, “मले दाखला द्या. मी तुमाले मागतो.”

“आयकू नाई आलं मांगच्यायले,” गुलाबराव म्हणाले.

ती पुन्हा म्हणाली. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

दाखला चार दिवसांनी मिळाला, शिक्का-सहीसकट. तो आणायला पूनम गेली नव्हती, तानुबाई एकटीच गेली होती, आणि तिला वाचता येत नव्हतं. पूनमनं घरी वाचला. सदर महिला या गावची रहिवासी असून ती सध्या भीक मागत नाही, असं त्यात लिहिलं होतं. ‘सध्या’ हा शब्द काढून द्या म्हणून पूनम पंचायतीत गेली. गुलाबरावांनी तिला समजावलं, की पूर्वीचं आम्ही कसं सांगणार, बाजारात काय पाहायला आलो होतो का? आम्हाला आजचं माहीत आहे, ते आम्ही लिहून दिलं. ती तरीही उभीच राहिली, तर ते कागदातून मान वर न काढता म्हणाले, की नको असेल तर परत आण.

पूनमचं म्हणणं होतं, की हा कागद फाडून टाकावा. तानुबाई म्हणाली, “ज्याच्यापाई हात जोडले, तो कागद मी फाडत नाई. मुंबईचा साहेब चांगला माणूस हाये. त्याले समजंल.”

साहेब चांगला माणूस होताच. त्यानं दाखला घेतला, पोच दिली, आणि दोन महिन्यांत शुद्धिपत्र काढलंसुद्धा. ते छापून जिथं जिथं ग्रंथ होता तिथं तिथं गेलं, आणि कार्यालयाच्या संकेतस्थळावरही चढलं. त्यात त्या पानाचा आकडा देऊन लिहिलं होतं, की या पानावरील छायाचित्रातील स्त्रीचे नाव तानुबाई असून, ती कारभारी यांची पत्नी, मोताळा तालुक्यातील रहिवासी आहे, आणि ती सध्या भीक मागत नसल्याचे ग्रामपंचायतीने कळवले आहे. गावाचं नावही होतं. दाखल्याबाहेरचा एक शब्द त्यानं घातला नव्हता आणि दाखल्यातला एक गाळला नव्हता.

तोपर्यंत त्या फोटोला नाव नव्हतं. आजूबाजूच्या पाच-सात गावांपलीकडं ती कोण हे कोणाला ठाऊक नव्हतं. आता जळगावचा माणूस असो की नागपूरचा, मोबाइलवर नाव टाकलं की सगळं येत होतं. तानुबाईचा मुलगा गोपाल पुण्याजवळ एका कारखान्यात कामाला होता. त्याच्या खोलीतल्या पोरांनी ते काढून त्याला दाखवलं. त्यानं रात्रपाळीहून आल्या आल्या घरी फोन केला. फोन कारभारीनं घेतला आणि तानुबाईच्या कानाला लावला.

“तुले कोण सांगतलं होतं नाव टाकाले?” गोपाल म्हणाला. “आधी नुसती कोणीतरी बाई होती ते. आता माही माय हाये.”

त्या दिवाळीला तो आला नाही. पुढच्या दिवाळीला आला, तर पूर्वी राहायचा तसा राहिला नाही, दुसऱ्या दिवशी परतला.

मधे एकदा वंदना आली. कार्यालयातलं तिचं कंत्राट केव्हाच संपलं होतं, अकोल्याला एका शाळेत ती शिकवत होती. शुद्धिपत्र तिच्या वाचण्यात आलं आणि तिला फोटो आठवला. ती फाट्यापासून चालत गावात आली. तानुबाईच्या ओट्यावर बसून तिनं सांगितलं, की ग्रंथात कोणती प्रकरणं असायची हे जुन्या ग्रंथावरून ठरलेलं होतं. त्यात दानधर्म आणि भिक्षा यावर एक भाग होता. बाकी सगळ्या भागांना फोटो मिळाले, त्या भागाला मिळाला नाही. छपाईची घाई होती. जे फोटो उरले होते त्यात हात पुढं केलेली एक बाई सापडली, आणि कोणीतरी खाली ओळ लिहिली. कोणी लिहिली, हे तिला माहीत होतं. ते नाव सांगायला ती तयार होती.

तानुबाई मेथी निवडत ऐकत होती. तिनं ते नाव विचारलं नाही. तिनं विचारलं ते एवढंच, “त्या दिसी मले माहं नाव काऊन नाई पुसलं?”

“आम्ही घाईत होतो, मावशी. अंधाराच्या आत शेगाव गाठायचं होतं.”

“मंग आता तरी काऊन आली?”

वंदनेला रडू आलं. ती माफी मागू लागली. तानुबाईनं तिला पुरतं बोलू दिलं नाही. म्हणाली, “बाई, तुले रडून मोकळं व्हाचं हाये. माह्या दारात नोको होऊ.” असं म्हणून ती मेथीची पाटी उचलून आत गेली आणि तिनं कडी लावली. वंदना बराच वेळ ओट्यावर बसून होती. शेजारच्या घरातून अन्नपूर्णाबाईची सून आली, तिला आत घेऊन गेली, चहा दिला आणि तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं. त्यानंतर गावात कोणी म्हणालं नाही की आपलं चुकलं. फोटोखालचा मजकूर खोटा होता, हे त्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक झालं, आणि पोरं तळहात पुढं करत राहिली.

पूनमचं लग्न शेवटी जालन्याकडं जमलं. मामानं जमवलं. तिथल्या लोकांना काही माहीत नव्हतं, आणि पूनमनं ते माहीत होऊ दिलं नाही. लग्नाच्या पत्रिकेत आईच्या नावाच्या जागी तिनं ‘तारामती’ छापलं. आधी तिनं आईला विचारलं होतं. तानुबाई म्हणाली, की छाप. मांडवात कोणी व्याह्यांनी तारामतीबाई म्हणून हाक मारली, तर ती पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, मग पूनम कोपरानं ढोसायची. आता पूनमला मुलगी आहे, प्राची. पूनम वर्षातून एकदा येते, एकटी येते. प्राचीला आजीचं नाव तारामती असंच माहीत आहे.

मी पूनमला एकदा विचारलं, की तू तर तिच्या बाजूनं इतकी लढलीस. ती म्हणाली, “लढले म्हणूनच, सर. मला शेवटी काय होतं ते माहीत झालं.” तिची बोली आता थोडी जालन्याची झाली आहे.

तानुबाई बाजारात बसत नाही, त्याला पाच-सहा वर्षं झाली. माल तसाच निघतो, चांगला निघतो. नांदुऱ्याचा एक व्यापारी पिकअप घेऊन सकाळी रानाच्या बांधापर्यंत येतो आणि सगळा एकदम उचलतो. भाव तो ठरवतो. बाजारात बसून जो मिळायचा त्याच्या निम्माही नसतो, आणि हे त्यालाही माहीत आहे. कारभारी हो म्हणतो आणि पोती चढवून देतो. गाडी येऊन उभी राहिली, की तानुबाई मोटारपंपाच्या खोलीत जाते. गाडी निघाल्याचा आवाज लांब जाईपर्यंत ती तिथंच बसून असते. मग बाहेर येऊन पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवते.